पंचमावर आवाज तुटतो, खालचा वेगळा आणि वरचा वेगळा

सुरंगी:
नमस्कार मंडळी, खूप दिवस नुसती वाचत असते, लिहायचा धीर आज झाला. मी देवगड तालुक्यातली, वय १८, गाणं शाळेपासून शिकतेय, मध्यमा परीक्षा पूर्ण झाली आता विशारदची तयारी चालू आहे. अडचण आवाजाची आहे. सा पासून मध्यमापर्यंत (म) छान भरलेला लागतो, सगळे म्हणतात वजनदार आहे वगैरे, पण पंचम (प) आला की काहीतरी होतं, कधी चिरकतो कधी एकदम पातळ होतो, आणि त्याच्या वर ध नी सां जे लागतं ते हवा मिसळलेलं, सुरात असतं पण ऐकणाऱ्याला वाटेल दुसरीच मुलगी गायला बसली. मुद्दाम जोर लावून खालचाच आवाज वर नेला तर धैवतापर्यंत (ध) जातो, मग मान ताठ, हनुवटी वर, आणि तार सा, म्हणजे वरचा सां, म्हणजे निव्वळ ओरडणं. आमच्या बाई म्हणतात घाबरतेस, आकार (म्हणजे आ म्हणत गाणं) खुला लाव. यूट्यूबवर चेस्ट व्हॉइस हेड व्हॉइस मिक्स व्हॉइस असं बरंच काय काय आहे पण त्यातले सगळे पियानोवर इंग्लिश गाणी गातात, आपल्याकडे ते लागू पडतं की नाही तेच कळत नाही. नवरात्रात देवळात अभंग आणि एक नाट्यपद म्हणायचंय. कोणाचं असं झालंय का? हा सांधा जुळतो कसा?

मालवणी_बुवा:
गो बाय, ह्या चेस्ट नि हेड बघत बसलंस तर गळो सुधारूचो नाय. पहाटे ऊठ, तंबोरो लाव, खर्जात, खालच्या सुरात बस. आमच्या टायमाक यूट्यूब खय होता? बुवांच्या पाठी कोरसात बसून गजर म्हणान म्हणानच गळो तयार झालो. वरचो पातळ आवाज म्हणजे चोरटो आवाज, तो वापरूचोच नाय. छातीतसून गा, आज ना उद्या वर जाताच.

घाटावरचा:
बुवांशी अर्धा सहमत. खर्ज हवाच. पण "आज ना उद्या वर जातो" हे सगळ्यांच्या बाबतीत होत नाही हो, ज्यांचा गेला ते बुवा झाले, ज्यांचा बसला ते गाणं सोडून गेले, त्यांना कोण विचारतो.

पेटीवाला:
सुरंगी, कोण काय म्हणतं ते जरा बाजूला ठेव. गातेस कुठल्या पट्टीत, म्हणजे सा कुठला धरतेस? आणि घरी पेटी असेल तर एक काम कर, पट्टी बदलून सावकाश आरोह घे आणि आवाज कुठे बदलतो ते बघ. अंदाजाने सांगू नको, पेटीची पट्टी बघून सांग.

सुरंगी:
काळी ५, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी माझा सा. आधी काळी ४ मध्ये गायचे, मंडळातल्या बाकीच्या मुली काळी ५ ला म्हणून मीही तिकडे गेले. आत्ताच बसून बघितलं. काळी ४ ला पंचम मस्त लागला, मला वाटलं सुटला प्रश्न! पण धैवतावर अगदी तेच झालं.

पेटीवाला:
वाटलंच होतं. काळी ५ चा पंचम म्हणजे पांढरी ४. काळी ४ चा शुद्ध धैवत म्हणजे पण पांढरी ४. म्हणजे तुझा गळा पंचमाला घाबरत नाही की धैवताला घाबरत नाही, त्याला राग कुठला नि पट्टी कुठली काही माहीत नसतं, तो एका ठराविक उंचीवर बदलतो एवढंच. बहुतेक बायकांचा पहिला सांधा पांढरी ३ ते काळी ३ च्या मधे कुठेतरी असतो. पुरुषांचाही फार लांब नसतो, फक्त आम्ही काळी १ ला बसतो त्यामुळे आम्हाला तो तार गंधार-मध्यमाला भेटतो, अख्ख्या मैफलीत चार वेळा तिकडे जायचं, निभावून जातं. तुमच्या बाबतीत तो मध्य सप्तकाच्या ऐन मध्यात येतो, जिथे सगळा राग राहतो. त्यामुळे मुलींना हा त्रास जास्त जाणवतो आणि पुरुष गुरू म्हणतात "आमच्या वेळी असं काही नव्हतं".

मालवणी_बुवा:
माका टोमणो मारलंस मा?

पेटीवाला:
छे छे बुवा, तुमचं नाव घेतलंय का :)

कंठस्थ:
मी स्पीच थेरपिस्ट आहे, रत्नागिरीत काम करते, गाणंही थोडंफार शिकलेय, म्हणून जरा लांबलचक लिहिते, कंटाळा आला तर सोडून द्या.

स्वरयंत्रात दोन पडदे असतात, स्वरतंतू म्हणा, बायकांमध्ये जेमतेम सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर लांब. त्यांच्यावर मुख्यतः दोन स्नायूंची ओढाताण चालते. एक पडद्याच्या आतच असतो, तो आवळला की पडदा आखूड आणि जाड होतो, दोन पडदे एकमेकांवर भरपूर उंचीभर आपटतात, आवाज भरदार येतो. हा तुझा खालचा आवाज. दुसरा स्नायू पुढच्या बाजूला बाहेर आहे, तो कूर्चा कलती करून पडद्यांना ताणतो, पडदे लांब आणि पातळ होतात, फक्त कडा कडा थरथरतात, सूर वर जातो आणि आवाज हलका होतो. वर जायचं तर ताण वाढायलाच हवा. खालचाच आवाज ढकलत नेलास तर आतला स्नायू सोडायला तयार नाही आणि बाहेरचा ओढतोय, मग मदतीला मानेचे, जबड्याचे, जिभेच्या मुळाचे स्नायू धावतात, म्हणून तुझी मान ताठ होते आणि हनुवटी वर जाते. एका क्षणी आतला स्नायू हात टेकतो आणि सगळं एकदम सुटतं. ते सुटणं म्हणजे चिरकणं. घाबरण्याचा त्याच्याशी संबंध फार थोडा.

छातीचा आवाज, डोक्याचा आवाज ही नावं नुसती कंप कुठे जाणवतो त्यावरून पडलीत, आवाज दोन्ही वेळा गळ्यातच तयार होतो. हे सगळं काही यूट्यूबने शोधलेलं नाही. मॅन्युएल गार्सिया नावाचा गाण्याचा शिक्षक होता, १८०५ ते १९०६, म्हणजे शंभरी पार केलेला, त्याने १८४० मध्येच लिहून ठेवलं की अशा सुरांच्या गटामागे एकेक यंत्रणा असते, आणि पुढे १८५४ मध्ये छोट्या आरशांनी स्वतःचा गाणारा गळा स्वतःच बघितला. गळ्याचे डॉक्टर आज दुर्बीण घालून बघतात त्याची सुरुवात एका गायन मास्तरने केली, हे मला फार आवडतं.

आता मिक्स. तिसरी अशी वेगळी यंत्रणा गळ्यात नाही. मिक्स म्हणजे जाड आवाज वर जाता जाता आधीपासूनच थोडा थोडा पातळ करत नेणे, आणि पातळ आवाज खाली येताना त्याचे पडदे नीट मिटवून त्याला धार देणे, इतकं की दोघांची जाडी सांध्यावर जवळपास सारखी होते. धक्क्यावरून होडीत चढताना आपण एक पाय होडीत टेकवून वजन हळूहळू तिकडे नेतो, उडी मारली की होडी हलते, तसंच. तू पंचमापर्यंत पूर्ण वजन धक्क्यावर ठेवतेस आणि मग उडी मारतेस.

आणि एक, तुझा वरचा आवाज हवेचा आहे म्हणालीस. १८ व्या वर्षी ते अगदी नेहमीचं आहे. वयात येताना मुलींचंही स्वरयंत्र वाढतं आणि त्या काळात पडद्यांच्या मागच्या टोकाला फट राहते, ती हळूहळू कमी होते. गळा विशीतही पक्का होत असतो. त्यामुळे आत्ता तार सप्तक वजनदार करायची घाई करू नको.

सुरंगी:
कंठस्थ ताई, हे कोणी सांगितलंच नव्हतं! मी उलट समजत होते की माझ्यात दम कमी आहे. पण मग करायचं काय नक्की? रोज काय म्हणू?

कंठस्थ:
वरून खाली ये. हे सगळ्यात महत्त्वाचं, आपल्याकडे सगळा रियाज सा पासून वर चालतो आणि वर जाताना खालचं वजन सोबत जातं. तार सा हलक्या आवाजात धर, अगदी शेजारच्या खोलीत बाळ झोपलंय इतक्या हळू, आणि मींडेने, म्हणजे सूर न तोडता घसरत, सावकाश मध्य सा पर्यंत उतर. पंचमाखाली आलीस की आवाज आपोआप जाड व्हायला बघेल, त्याला होऊ देऊ नको, मध्यम, गंधार (ग) पण त्याच पातळ आवाजात लाव. आधी अगदी बारीक, पोकळ वाटेल, लाज वाटेल. वाटू दे. हळूहळू त्या पातळ गंधारात जीव येतो, मग तोच गंधार हळू सुरू करून मोठा कर, परत हळू कर, एका श्वासात, न तुटता. जिथे तुटेल तिथे थांब आणि त्याच्या जरा अलीकडेच फिरत रहा.

दुसरं म्हणजे नळी. शहाळ्याबरोबर मिळते तशी नळी ओठात धर, नळीतून ऊ म्हण, नाकातून हवा जाता कामा नये, आणि खालपासून वरपर्यंत भोंगा वाजवल्यासारखा सूर फिरव. हवी तर नळीचं टोक पेल्यातल्या पाण्यात दोन-तीन बोटं बुडव. नळीमुळे तोंडात थोडा दाब राहतो, तो पडद्यांना वरून आधार देतो, ते कमी आपटून थरथरतात, आणि मुख्य म्हणजे नळीतून ओरडताच येत नाही. अमेरिकेत इंगो टिट्झे नावाच्या शास्त्रज्ञाने यावर बरंच काम केलंय आणि आम्ही पेशंटनाही हेच देतो. ओठ फुरफुरवत सूर म्हणणं, तोंड मिटून गुंजन करणं ही त्याचीच भावंडं. थोडा थोडा वेळ, दिवसातून अनेकदा. एकदम तासभर बसू नको.

सागरतीर:
नळी कशाला विकत, पपईच्या पानाचा देठ पोकळच असतो, लहानपणी आम्ही त्याच्या पिपाण्या करायचो.

कंठस्थ:
पपईचा चीक ओठाला लागला तर नवरात्रात गायला तोंडच राहायचं नाही. शहाळ्याची नळीच घे गं.

खाडीपलीकडे:
धागा चांगला चाललाय म्हणून मधेच विचारतो. माझा मुलगा १४ वर्षांचा, गावच्या भजनी मंडळात गातो, आवाज असा होता की चाकरमानी मुंबईहून आले की त्यालाच गायला लावायचे. आता सहा-सात महिने तार सप्तकात जाताच फाटतो, मधेच जाडा होतो, पोरगं रडकुंडीला आलंय. मंडळातले काही म्हणतात गाणं बंद ठेव, काही म्हणतात जोर लावून गात रहा फाटून फाटून मोकळा होईल. खरं काय?

कंठस्थ:
दादा, दोन्ही नको. मुलांचं स्वरयंत्र या वयात भराभर वाढतं आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. पडदे लांब होतात पण त्यांना चालवायची सवय जुन्या मापाची, म्हणून ताळमेळ राहत नाही. काहींचं काही महिन्यांत संपतं, काहींचं दोन वर्षंही चालतं. गाणं बंद करायची गरज नाही, पण त्याची पट्टी त्याच्या मागोमाग खाली आणा, पेटीवाल्यांना सांगा की आज पोराचा गळा कुठे आहे ते विचारून मग सुरुवात करा. छोट्या टप्प्यात, हळू आवाजात, पाच-सहा सुरांत गाऊ दे. जुना वरचा आवाज हलकेच लागत असेल तर तोही सोडू नका, रोज थोडा वरून खाली उतरवा, पुढे त्याला सांधा जुळवायला तोच कामी येईल. फक्त गणपतीत पाच-पाच घरच्या आरत्या ओरडून म्हणायला लावू नका. आणि आवाज तीन-चार आठवडे सतत घोगरा राहिला, बोलतानाही, किंवा गाताना दुखलं, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, नुसतं टॉर्च मारून नाही, दुर्बिणीतून पडदे बघणाऱ्या डॉक्टरांना.

खाडीपलीकडे:
खूप आभार. हे त्याला वाचायला देतो, बापाचं ऐकत नाही निदान तुमचं ऐकेल. आणि ज्येष्ठमध, खडीसाखर, आल्याचा काढा? आजी रोज पाजते.

कंठस्थ:
आजीला नाही म्हणू नका, घशाला बरं वाटतं. पण गिळलेलं काहीच पडद्यांवरून जात नाही, ते अन्ननलिकेत जातं, पडद्यांवरून गेलं तर जोराचा ठसका लागेल. पडद्यांना ओलावा मिळतो तो दिवसभर पाणी पिण्याने आणि वाफेने. भजनाचं एक वेगळंच आहे, रात्री उशिरा भजी आणि चहा आणि लगेच आडवं होणं, त्याने पोटातलं आम्ल वर येतं आणि सकाळी आवाज जड लागतो. काढ्यापेक्षा ते सांभाळा.

मालवणी_बुवा:
भज्यांवर बोलूचा काम नाय हां.

घाटावरचा:
एक शंका मांडतो, वाद म्हणून नाही. हे सगळं पाश्चात्य गाण्याच्या अंगाने चाललंय. तिकडे वर गेलं की हलका गोल आवाज चालतो, उलट हवाच असतो. आपल्या ख्यालात बायका सुद्धा तार सा पर्यंत खुल्या आवाजात जातात, तिथे पातळ आवाज लागला की समोरचे नाक मुरडतात. केरीच्या गायिका केसरबाई केरकर घ्या, अल्लादियाखाँसाहेबांची तालीम, खालून वर एकसंध आकार, कुठे जोड दिसतच नाही. १९७७ साली व्हॉयेजर यानातून जी तबकडी अवकाशात पाठवली तीत त्यांची भैरवी आहे, ती ऐकून सांगा यात हेड व्हॉइस कुठाय.

पेटीवाला:
केसरबाई खालच्या पट्टीत गायच्या हे विसरू नका. काळी ५ ला बसून त्यांचा तार सा ढकलायला निघालं की गळा गेलाच. गायिका गंगूबाई हनगल पण घशाच्या ऑपरेशननंतर आवाज भारी झाला तशा आपल्या पट्टीत खाली आल्या आणि तोच आवाज पुढे त्यांची ओळख झाला. पट्टी हा शरीराचा हिशोब आहे, आपण मात्र ती मंडळाची, ट्रॅकची नाहीतर पेटीवाल्याच्या सोयीची धरतो. माझ्यासकट सगळे पेटीवाले काळी १ आणि काळी ५ वर बोटं बसली म्हणून तिथेच वाजवतात, हे मी आतल्या गोटातून सांगतोय.

कंठस्थ:
घाटावरचे, तुमचा मुद्दा बरोबर आहे आणि माझ्या सांगण्याच्या विरोधात पण नाही. पातळ आवाजाचा रियाज म्हणजे मैफलीत पातळ गायचं असं नाही. खुल्या आवाजात तार सा ला जाणारी बाई तिथे जाड पडदा घेऊन जात नाही, जाऊच शकत नाही, ती खुल्या आवाजाचंच वजन सुरागणिक कमी करत जाते आणि पडदे मात्र घट्ट मिटलेले ठेवते, म्हणून आपल्याला सगळं एकसंध वाटतं. पडदे ताणायची सवयच नसेल तर हे वजन कमी कसं करणार? ती सवय हलक्या आवाजातून येते. शैली ठरवेल सांधा कितीसा वर न्यायचा आणि वर किती उजेड ठेवायचा. गळा मात्र तोच. ख्यालवाल्यांनी सांधा शक्य तितका वर सरकवावा, भावगीतवाल्यांना तो खाली चालेल, नाट्यपदात दोन्ही लागतं, कारण तिथे तार सप्तकातल्या फिरती खुल्याही हव्यात आणि हलक्याही.

रात्रीचा_राजा:
दशावतारातलं सांगू का. माझे मामा धयकाल्यात, म्हणजे दशावताराच्या नाटकात, स्त्रीपार्ट करायचे. रात्रभर बारीक आवाजात संवाद आणि मधे मधे पदं, पेटी मृदंग झांजेच्या वर ऐकू जायला हवं, आणि पूर्वी तर माईक सगळीकडे नसायचे. सकाळी त्यांचा आवाज शाबूत. त्याच कंपनीत राक्षसपार्ट करणाऱ्यांचे गळे मात्र सारखे बसलेले, कारण गर्जना. मामांना विचारलं तर म्हणायचे बारीक आवाज सोडलेला नको नि दाबलेला पण नको, त्याला कणा हवा. आता कंठस्थ ताईंचं वाचून कळतंय की पडदे मिटलेले ठेवून पातळ म्हणजे तेच असावं.

मालवणी_बुवा:
ह्या मात्र खरा. रात्रीक शेवटपर्यंत टिकता तो बारीकवालो. डबलबारीत, दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात, पण तसाच, पहिल्या गजराक जो बुवा फुल्ल सोडता तो मध्यरात्रीनंतर नुसतो हातवारे करता. पण बाय, एक सांगतंय, आमच्याकडे आवाज फाटता तो गाण्यान नाय, माईकान. समोर चार स्पीकर, बाजूक पखवाज, झांजा, स्वतःचो सूर स्वतःक ऐकाकच येना नाय. मगे माणूस वराडता.

कंठस्थ:
बुवा, याला नावच आहे. भोवती गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो, लोम्बार्ड नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्ये हे मांडलं. गाणाऱ्याच्या समोर त्याच्याकडे तोंड केलेला एक छोटा स्पीकर ठेवला तरी फरक पडतो. सुरंगी, देवळात हे आधीच सांगून ठेव.

सुरंगी:
मंडळी, मधे परीक्षा होती म्हणून गायब होते. आता प्रगती सांगते. नळीतून सूर न तुटता वरपर्यंत जातो, पहिल्यांदा झालं तेव्हा मला खरंच वाटेना, कुठे सांधा गेला तेच कळलं नाही. तोंड मिटून गुंजन केलं तरी जातो. ऊ वर पण जवळजवळ जातो. पण आ म्हटलं की परत पंचमावर तेच. आणि बाईंना सगळं आकारातच हवं. बाईंना मी नळीचं सांगितलं तर त्या आधी हसल्या मग स्वतःच करून बघितली.

घाटावरचा:
तुमच्या बाई भारी आहेत. असे गुरू जपा.

कंठस्थ:
छान चाललंय. आ वर अडणं साहजिक आहे, त्याचं कारण तोंडात आहे. प्रत्येक स्वराला, म्हणजे आ ई ऊ ला, तोंडाच्या पोकळीचा आपला अनुनाद असतो. ऊ आणि ई चा सगळ्यात खालचा अनुनाद साधारण ३०० ते ४०० हर्ट्झला (सेकंदाला तितकी कंपनं), तुझी पांढरी ४ आहे ३४९ हर्ट्झ, म्हणजे मूळ सुरालाच तिथे आधार मिळतो आणि हलका आवाजसुद्धा भरलेला वाटतो. उघड्या आ चा अनुनाद बराच वर, ७०० च्या पुढे, तो तुझ्या सुराच्या दुप्पट कंपनाला उचलून धरतो, आणि हाक मारतानाचा खणखणीत आवाज असाच तयार होतो. म्हणून आ वर जाड आवाज सोडवत नाही, तो छान वाजतोय असं वाटतं आणि आपण त्याला ढकलत राहतो.

मग करायचं असं की ऊ वर पंचम धर, आणि त्याच श्वासात ऊ चा ओ कर, ओ चा अ कर, अ चा आ कर. जबडा हळू सोड, आतली भावना ऊ चीच ठेव. ज्या क्षणी जाडा होईल त्या क्षणी परत ऊ वर ये. पंचमाच्या वर आकार थोडा अ कडे, थोडा ओ कडे झुकवलास तरी बाहेर आ च ऐकू येतो, बाईंना कळणार नाही, आणि कळलं तरी त्या आता आपल्या बाजूच्या आहेत. आकार खुला म्हणजे तोंड आडवं फाकवणं असं मुलींच्या डोक्यात बसलेलं असतं. गालाची हाडं वर नि जबडा सैल, एवढंच खुलं पुरतं.

पेटीवाला:
आणि राग निवडून रियाज कर. काळी ५ ला मालकंस घेतलास तर मध्यम सांध्याच्या खाली आणि कोमल धैवत सांध्याच्या जरा वर, मधे पंचम नाहीच, म्हणजे म ते ध ही मींड बरोबर सांध्यावरून जाते. ती मींड दोन्ही बाजूंनी घे, ध वरून म वर येताना जास्त. भूप घेतलास तर पंचम थेट सांध्यावर बसतो, तिथे ठेहराव करून आवाज लहान-मोठा करायला बरा. पण गाताना, म्हणजे लोकांसमोर, काळी ४ च घे. तिथे पंचम सांध्याखाली सुरक्षित राहतो, विसावायला जागा मिळते, आणि धैवत बहुतेक वेळा येता-जाता लागतो, तो कोणाच्या लक्षात येत नाही.

सुरंगी:
पण मंडळातल्या मुली म्हणतात काळी ४ म्हणजे आवाज खाली पडतो, चढा वाटत नाही.

घाटावरचा:
चढा वाटणं पट्टीवर नाही, आवाजाच्या धारेवर असतं. मोबाईलवर रेकॉर्ड करून दोन्ही पट्ट्यांत तेच पद त्या मुलींनाच ऐकव, पट्टी सांगू नको. मोबाईल जरा लांब, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेव, जवळ ठेवलास की हलका आवाजही मोठा वाटतो आणि फसगत होते.

सुरंगी:
ऐकवलं! चौघींपैकी तिघी म्हणाल्या काळी ४ वालं छान, चौथी म्हणाली दोन्ही सारखंच. अजून अवरोहात कधी कधी पंचमावरून खाली येताना एकदम जाडा धप्पकन पडतो, वर जाताना बरं आहे.

कंठस्थ:
ते शेवटी जातं. उतरताना धैवतापासूनच ठरव की मध्यमापर्यंत आवाज मोठा करायचा नाही, गंधारावर आलीस की मग वजन दे. तानांमध्ये आत्ता बघू नको, तिथे इतकं वेगात जातं की सांधा आपोआप झाकला जातो, आलापीत जुळला की ताना मागून येतात. आणि नवरात्राच्या आदल्या दिवशी जोरात रियाज नको, गप्पा पण कमी. कुजबुजत बोलू नको, काहींना त्याने जास्त ताण येतो, हळू पण नेहमीच्या आवाजात बोल.

मालवणी_बुवा:
नाट्यपद खयचा घेतलंस? तार सप्तकात फिरत असात तर पहिल्याच ओळीक सगळो माल दाखव नको. आणि पेटीक कोण बसतलो ता आधी बघून ठेव, काळी ४ सांगितलंस तर ऐन टायमाक सवयीन काळी ५ धरतलो, सा घेतल्याशिवाय तोंड उघडू नको.

पेटीवाला:
बुवा यावेळी १०० टक्के बरोबर. सुरंगी, पेटीवर खडूने बारीक खूण करून ठेव, आम्हा लोकांचा काही भरवसा नाही.